विशारद झालात, आता एम.ए.?

सांगली, नाशिक किंवा अमरावतीहून दिल्लीत आलेल्या गाणाऱ्या मुलामुलींना एक कोडं हमखास पडतं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या सगळ्या परीक्षा झालेल्या असतात, प्रमाणपत्र घरी भिंतीवर लागलेलं असतं. पण विद्यापीठाच्या अर्जात ‘पदवी’ या रकान्यात ते भरायला गेलं की अर्ज पुढे सरकत नाही. तिथं बी.कॉम. लिहिलं की सरकतो. ज्या बी.कॉम.मध्ये एक सूर शिकवत नाहीत ते संगीताच्या एम.ए.साठी चालतं आणि सात-आठ वर्षांचं गाणं एकटं पुरेसं ठरत नाही, हे कसं?

मुनिरकात राहणाऱ्यांना आणखी एक कोडं पडतं. दक्षिण दिल्लीतलं हे मुळात जाटांचं गाव. आता अरुंद गल्ल्यांत चार-पाच मजली इमारती, आणि एकेका खोलीत दोघं-तिघं विद्यार्थी. जेएनयू अगदी लागून, त्यामुळे ‘दाराशीच एवढं मोठं विद्यापीठ आहे, तिथंच संगीतात एम.ए. करू’ असं कुणालाही वाटतं. पण गळा ऐकून प्रवेश देणारा विभाग शहराच्या दुसऱ्या टोकाला, दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसरात आहे. मुनिरकाहून मेट्रोनं तिसरं स्टेशन हौज खास, तिथं पिवळी लाईन धरायची आणि विश्वविद्यालय स्टेशनला उतरायचं. तास सहज जातो.

ही दोन्ही कोडी एकाच ठिकाणी सुटतात. विद्यापीठ अर्जदाराला तीन वेगवेगळे प्रश्न विचारतं: तुम्हाला बसायची परवानगी आहे का, तुम्हाला माहिती आहे का, आणि तुम्हाला येतं का. तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या जागी तपासली जातात. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही, मग ते कितीही चांगलं असो.

परवानगी: पदवी कोण देऊ शकतं?

विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा. त्याचं कलम २२ सांगतं की पदवी देण्याचा अधिकार कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेनं तसा खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१ पासून काम करतं, देशभर त्याची केंद्रं आहेत, पण ते विद्यापीठ नव्हे. त्यामुळे विशारद हे शिक्षणाचं भक्कम प्रमाण असलं, तरी कायद्याच्या अर्थानं पदवी नाही.

मग विशारद वाया गेलं का? मुळीच नाही. दिल्ली विद्यापीठासह अनेक विद्यापीठांत एम.ए.ला दोन वाटांनी जाता येतं. संगीत विषय घेऊन बी.ए. झालेले सरळ येतात. इतरांसाठी कोणत्याही शाखेची पदवी आणि जोडीला विशारद किंवा त्या तोडीचं प्रमाणपत्र अशी दुसरी वाट असते. पदवीनं कायद्याची अट भागते, विशारदनं संगीताची. बी.कॉम. आणि विशारद एकमेकांना पूरक ठरतात ते असे.

या दुसऱ्या वाटेनं गेलेल्यांत फार मोठी नावं आहेत. डॉ. प्रभा अत्रे विज्ञानाच्या आणि कायद्याच्या पदवीधर. गांधर्व मंडळाची ‘संगीत अलंकार’ त्यांनी केली, सरगमवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. तेव्हा ‘बी.एस्सी. झालीस, आता गाण्यात कुठं शिरतेस?’ असं कुणी म्हणालं तर फार मनावर घेऊ नये.

दोन विष्णू आणि एक प्रवेशपरीक्षा

माहिती आणि गळा वेगळे तपासायची ही रीत आली कुठून? तिच्या मुळाशी दोन मराठी माणसं आहेत आणि दोघांचंही नाव विष्णू. कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. शिस्त, वर्ग, परीक्षा आणि मुख्य म्हणजे समोर बसून गाणं, हा त्यांचा भर. विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे, पेशानं वकील. त्यांनी देशभर हिंडून बंदिशी जमवल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. १९१६ ची बडोद्याची अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्याच खटपटीनं भरली आणि १९२६ मध्ये लखनौचं मॅरिस संगीत महाविद्यालय उभं राहिलं. संगीत हा अभ्यासाचा, लिहिण्याचा, वाद घालण्याचा विषय आहे, असं त्यांचं म्हणणं.

दिल्लीत हे दोन्ही प्रवाह आले. गांधर्व महाविद्यालयाची दिल्लीतली शाळा विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये सुरू केली. दिल्ली विद्यापीठाचं संगीत आणि ललित कला संकाय १९६० चं. तिथं पुढे डॉ. सुमती मुटाटकर आल्या. बालाघाटला १९१६ मध्ये जन्मलेल्या या मराठी विदुषी लखनौला भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांच्याकडे शिकल्या होत्या. आकाशवाणीत काम करून त्या विद्यापीठात आल्या आणि संकायाच्या अधिष्ठाता झाल्या. मुंबई, लखनौ, दिल्ली असा हा भातखंडे परंपरेचा प्रवास आहे, आणि आज तिथं अर्ज करणाऱ्या मराठी मुलांना त्याची कल्पना नसते याचं मला जरा वाईट वाटतं.

माहिती: संगणकापुढे बसलेला राग

केंद्रीय विद्यापीठांतले बहुतेक एम.ए. प्रवेश आता सीयूईटी-पीजी या सामाईक परीक्षेतून होतात. ती राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए घेते. प्रश्न ७५, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. २०२५ मध्ये वेळ ९० मिनिटांचा होता. परीक्षा केंद्र आपल्या शहराजवळचं मागता येतं, तेव्हा या टप्प्यासाठी दिल्लीला धावायची गरज नाही. विषयाची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते.

वजा गुणांची भीती मुलांना उगाच वाटते. हिशेब करून पाहा. चार प्रश्नांची उत्तरं डोळे मिटून ठोकली तर सरासरीनं एक बरोबर येईल, ४ गुण. तीन चुकतील, वजा ३. हातात उरला १. म्हणजे निव्वळ अंदाजानंही सरासरीत तोटा होत नाही, आणि चारांतला एखादा पर्याय नक्की चूक आहे एवढं कळलं तरी फायदा वाढतो. कोरा सोडलेला प्रश्न मात्र शून्यच देतो.

आता विचारतात काय? थाट, वादी-संवादी, रागाची वेळ, ताल, ग्रंथ, वाद्यं, घराणी. ‘संगीत रत्नाकर’ हमखास येतो. शार्ङ्गदेवानं तो तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादेत लिहिला. लक्षात ठेवायला मराठी मुलाला एवढा दुवा पुरे.

एक सापळा मात्र खास ओळखून ठेवावा असा आहे, तो स्वरलिपीचा. भातखंडे लिपीत मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब देतात आणि तार सप्तकाच्या स्वरावर टिंब. पलुस्कर लिपीत स्वरावरचं टिंब मंद्राचं असतं आणि तारेसाठी स्वरावर उभी रेघ काढतात. म्हणजे तेच टिंब, त्याच जागी, आणि अर्थ बरोबर उलटा. तालाचंही तसंच. भातखंडे पद्धतीत समेला फुली आणि खालीला शून्य, पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकचं चिन्ह. ज्याच्या क्लासमध्ये एकच लिपी वापरली गेली तो इथं नक्की फसतो, कारण त्याला आपण फसतोय हेही कळत नाही.

तेच पाच स्वर, दोन राग

लेखी परीक्षा आणि गळ्याची परीक्षा एकच गोष्ट कशी वेगवेगळी तपासतात हे पाहायचं तर भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर. लेखीत विचारतील, ‘भूपाचा वादी कोणता?’ उत्तर गंधार. ‘देशकाराचा?’ उत्तर धैवत. पाठ करणाऱ्याला दोन्ही गुण मिळतात.

पण वादी म्हणजे नेमकं काय? पाच घरांची एक आळी धरा आणि तिथं रोज येणारी दोन माणसं. एकाची बैठक तिसऱ्या घराच्या ओट्यावर. तो आळीभर हिंडतो, सगळ्यांशी बोलतो, पण टेकतो तिसऱ्याच्या ओट्यावर. दुसराही तीच आळी हिंडतो, मात्र त्याचा मुक्काम पाचव्या घरी, आणि खालच्या घरांकडे तो फारसा रेंगाळत नाही. आळी एकच, पण कोण आलंय हे कुठं टेकतो त्यावरून कळतं. भूप गंधारावर टेकतो आणि सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो. देशकार धैवतावर टेकतो आणि वरच्या अर्ध्यात खेळतो.

गळ्याच्या परीक्षेत परीक्षक ‘वादी कोणता’ असं विचारतीलच असं नाही. ते ‘देशकार गा’ म्हणतील आणि तुम्ही गंधारावर किती वेळ थांबता ते ऐकतील. दोनदा लांब थांबलात की तुमचा देशकार भूप झाला, मग लेखीत पूर्ण गुण असले तरी इथं उपयोग नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचंही असंच. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही, स्वर तेच. मारव्यात रिषभ-धैवत, पूरियात गंधार-निषाद आणि खालची अंगं, सोहनीत तार षड्जाभोवतीची धावपळ. कान तयार असलेल्या परीक्षकाला पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं की हा मुलगा राग शिकलाय की रागाचं वर्णन.

येतं का: त्या थोड्या मिनिटांत

प्रात्यक्षिकाला दिल्लीत स्वतः जावंच लागतं. मुनिरकात राहणाऱ्याला तो तासभराचा प्रवास आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्यानं आदल्या दिवशी पोचावं. रात्रभरच्या गाडीतून उतरून विलंबित ख्याल गाऊ नये, एवढं तरी पथ्य पाळावं. पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, मराठी माणसाला ती जागा सोयीची पडते.

समिती साधारण असं ऐकते. एक राग तुमच्या आवडीचा, त्यात विलंबित आणि द्रुत. मग अभ्यासक्रमातला एखादा राग त्यांच्या आवडीचा. मग हातावर ताल. मध्येच एखादी स्वरसंगती गाऊन ‘ओळखा’ म्हणतात.

इथं बहुतेकांचा घात वेळेच्या हिशेबात होतो. विलंबित एकतालाच्या मात्रेला चार सेकंद धरले तर बारा मात्रांचं एक आवर्तन ४८ सेकंदांचं. दहा मिनिटं मिळाली तरी हातात बारा-तेरा आवर्तनं. त्यातली दोन स्थायीला गेली, दोन अंतऱ्याला. उरलेल्या आठ-नऊत आलाप, बोलआलाप, लयकारी, ताना, आणि द्रुत बंदिशही त्यातच. घरी तासभर मारवा गाणारी मुलगी इथं मंद्रातच सहा मिनिटं घालवते, तोवर समिती ‘ठीक आहे’ म्हणते आणि तिची द्रुत राहूनच जाते. म्हणून घड्याळ लावून, बारा आवर्तनांत राग मांडायचा रियाज वेगळा करावा लागतो. काहींना हे गाण्याचा अपमान वाटतो. मला तसं वाटत नाही. जुन्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या असत आणि त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी रागाचं पूर्ण चित्र उभं केलेलं आहे.

तालाचा प्रश्न भल्याभल्यांना अडवतो, कारण तो गळ्याचा नसून डोक्याचा असतो. ‘झपतालाची दुगुण म्हणून समेवर या’ असं म्हटलं तर काय करायचं? झपताल दहा मात्रांचा, २-३-२-३ असा. दुगुणीत एका मात्रेत दोन बोल बसतात, म्हणजे आख्खा ठेका पाच मात्रांत संपतो. आवर्तनाअखेर समेवर यायचं तर पहिल्या पाच मात्रा सोडून सहाव्या मात्रेपासून दुगुण सुरू करायची. तिगुणीला तोच ठेका साडेतीनपेक्षा किंचित कमी, म्हणजे तीन पूर्णांक एक-तृतीयांश मात्रांत संपतो. तेव्हा सुरुवात सहा पूर्ण मात्रांनंतर, सातव्या मात्रेचे तीन भाग करून त्यातले दोन सोडून. चौगुणीला अडीच मात्रा लागतात, म्हणून सुरुवात आठव्या मात्रेच्या मध्यावर. सूत्र एकच: तालाच्या मात्रांना गुणीनं भागा, आलेला आकडा एकूण मात्रांतून वजा करा. एवढं कळलं की धमाराच्या १४ मात्रा असोत की रूपकाच्या ७, घाबरायचं कारण उरत नाही. रूपकाला मात्र सम आणि खाली एकाच जागी, पहिल्याच मात्रेवर येते, हे ध्यानात ठेवावं.

राहता राहिला रियाज. मुनिरकातल्या खोलीच्या भिंती पातळ, शेजारी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, आणि खालच्या मजल्यावर घरमालक. मोबाईलवरचा तानपुरा कानात घालून हलक्या आवाजात गाण्याची सवय इथं लागते, आणि ती घातक आहे. इयरफोननं सूर भरल्यासारखा वाटतो, आवाज मात्र मोकळा लागत नाही. परीक्षेच्या खोलीत इयरफोन नसतो. आठवड्यातून दोनदा तरी पूर्ण आवाजात गाता येईल अशी जागा शोधावी, मग ती एखाद्या ओळखीच्यांची गच्ची का असेना.

> अर्जापूर्वी हाताशी ठेवा
> सीयूईटी-पीजीचा अर्ज साधारण हिवाळ्यात येतो, परीक्षा मार्चच्या आसपास होते. तो भरला म्हणजे विद्यापीठाचा भरला असं नव्हे. दिल्ली विद्यापीठाच्या प्रवेश संकेतस्थळावर नंतर वेगळी नोंदणी करावी लागते. ती विसरलेले दरवर्षी भेटतात.
> पदवीची गुणपत्रकं आणि विशारदचं प्रमाणपत्र, दोन्ही. नाव दोन्हींवर सारखं आहे का ते पाहा. क्लासच्या परीक्षांच्या अर्जात नावाचं स्पेलिंग निष्काळजीपणे लिहिलेलं असतं.
> इतर मागासवर्गाचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं आणि चालू आर्थिक वर्षातलं लागतं, राज्याचं चालत नाही. महाराष्ट्राचा एसईबीसी प्रवर्ग केंद्रीय विद्यापीठांत लागू नाही.

आणि जेएनयू?

मुनिरकाच्या दाराशी असलेल्या विद्यापीठाकडे आता वळू. जेएनयूत कला आणि सौंदर्यशास्त्राची संस्था २००१ पासून आहे. तिथला एम.ए. दृश्यकला, नाट्य आणि प्रयोगकला, चित्रपट यांच्या विचाराचा. ध्वनी, आवाज, मैफल, गाणारी बाई आणि ऐकणारा समाज हे तिथं संशोधनाचे विषय होऊ शकतात, पण तिथं तुमचा यमन ऐकून प्रवेश मिळत नाही. विचारलं जाईल ते असं की तमाशातल्या ढोलकीला शास्त्रीय संगीताच्या व्यासपीठावर जागा का मिळाली नाही, किंवा ध्वनिमुद्रण आल्यावर ख्याल कसा बदलला. ज्याला असे प्रश्न रात्री झोपू देत नाहीत त्याच्यासाठी ती जागा. ज्याला तान साफ करायची आहे त्यानं पिवळी लाईन धरावी.

दोन्ही करणारी माणसंही असतात. डॉ. अशोक दा. रानडे १९६८ ते १९८३ मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते. ते गात होते, शिकवत होते आणि लोकसंगीतापासून नाट्यसंगीतापर्यंत सगळ्यावर मराठीत लिहीत होते. अमेरिकेत मँटल हूड यांनी १९६० मध्ये अभ्यासकांपुढे हाच आग्रह मांडला होता: दुसऱ्या समाजाच्या संगीतावर लिहायचं असेल तर ते आधी स्वतः वाजवायला शिका. अमेरिकी विद्यापीठांच्या लोकसंगीतशास्त्राच्या विभागांत, उदाहरणार्थ लॉस एंजेलिसच्या यूसीएलएत किंवा वेस्लियनला, त्याचे संस्कार अजून दिसतात. तिथं अर्ज करायचा तर ध्वनिमुद्रणापेक्षा तुमचं निवेदनपत्र आणि लेखनाचा नमुना अधिक बोलतो. बहुतेक मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात, म्हणजे दिवाळीपर्यंत शिफारसपत्रं हाती हवीत. आपल्याकडचे गुरुजी गाण्याबद्दल तासभर बोलतील, पण पत्र लिहून द्यायला दोन महिने लावतील.

पीएच.डी.चा हिशेब आणखी वेगळा. २०२४ पासून यूजीसी-नेट या पात्रता परीक्षेच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश देण्याची सोय झाली. गुणवत्ता यादीत वर असणाऱ्यांना जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळते, महिना ३७ हजार रुपये. त्याखालच्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे, आणि ते गुण वर्षभरच चालतात. यात गळा कुठंच नाही. म्हणून एम.ए.च्या दोन वर्षांत जे काय गायचं ते गाऊन घ्यावं.

अर्ज कुठं करायचा याचं उत्तर एका साध्या गोष्टीत सापडतं. प्रत्येक विभागाचा एम.ए.चा अभ्यासक्रम त्याच्या संकेतस्थळावर असतो. त्यात पहिल्या सत्राचे राग, ताल आणि वाचायचे ग्रंथ दिलेले असतात. शुल्क भरण्याआधी ती यादी उतरवून घ्या, आपल्या गुरुजींना दाखवा, आणि त्यातले किती राग आज विचारले तर गाता येतील ते त्यांनाच सांगू द्या.